इंग्रजी भाषा व साहित्य यांचे इतिहासलेखन

इंग्रजी भाषेची घडण, तिचे व्याकरण व शब्दसंग्रह, तीत निर्माण झालेले साहित्य आणि ती बोलणाऱ्या समाजाचा पूर्वेतिहास ह्यांविषयीच्या ग्रंथांची परंपरा सोळाव्या शतकापासून आढळते. आज हा विषय सर्व जगातील विद्यापीठांत शिकविला जात असल्यामुळे ही परंपरा विद्यापीठीय पंडितांनी निर्माण केली असावी, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. तीनशे वर्षांहून अधिक काळ हे काम धर्मगुरू, शाळामास्तर, पुस्तकविक्रेते, हौशी संग्राहक आणि परदेशी अभ्यासक ह्यांनी केले. त्यांपैकी अनेकांचा मूळ हेतू भाषेचा अभ्यास हा नव्हता. धर्मपंथांतील वाद, पुस्तकांचा व्यापार, राष्ट्राची प्रतिष्ठा, सरकारी नोकरीच्या परीक्षा अशा निरनिराळ्या गरजांतून ग्रंथ लिहिले गेले आणि इंग्रजीविषयीचे ज्ञान त्यांतून आनुषंगिक रीत्या साठत गेले. ह्या परंपरेतील गुण व उणिवा ह्या पार्श्वभूमीवरच उलगडतात.

मठांचा विध्वंस व हस्तलिखितांचा शोध : इंग्रज लोकांचा पहिला मोठा इतिहास बीड (मृ. ७३५) ह्या धर्मोपदेशकाने ७३१ मध्ये लॅटिन भाषेत पूर्ण केला. नवव्या शतकाच्या अखेरीस, ॲल्फ्रेड राजाच्या कारकीर्दीत, अँग्लो-सॅक्सन बखर लोकभाषेत लिहिली जाऊ लागली आणि तिची पीटरबरो येथील प्रत ११५४ पर्यंत चालू राहिली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबार व न्यायालये ह्यांत फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन भाषा प्रस्थापित झाली. परिणामी चौदाव्या शतकात चॉसर इंग्रजीत काव्यरचना करू लागला, तेव्हा प्राचीन इंग्रजी वाचू शकणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. जुनी हस्तलिखिते मठांच्या ग्रंथालयांत पडून होती.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० ह्या काळात मठ बरखास्त केले व त्यांच्या जमिनी राजसत्तेकडे घेतल्या. ग्रंथांचा विचार मात्र कोणी केला नाही. जॉन लेलंड (सु. १५०३–५२) ह्याने राजाज्ञेने मठांची ग्रंथालये पाहून टिपणे केली होती, परंतु त्याचा संकल्पित ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच त्याला वेड लागले. त्याचा मित्र जॉन बेल (१४९५–१५६३) ह्याने ती टिपणे उपयोगात आणली. मठांतील ग्रंथ वाणी व साबणविके ह्यांना रद्दीच्या भावाने विकले गेले, काही बूट पुसण्यासाठी वापरले गेले आणि काही परदेशी पुस्तकबांधणीवाल्यांकडे जहाजांतून रवाना झाले, अशी त्याची तक्रार आहे. बेल स्वतः मठांचा कडवा विरोधक होता. ज्या संस्था नष्ट झाल्याचे त्याला समाधान होते, त्यांच्याच ग्रंथांच्या नाशाचा त्याने शोक करावा, ही ह्या परंपरेच्या आरंभीची विसंगती लक्षणीय आहे. ब्रिटनमधील लेखकांची त्याने केलेली सूची १५४८ मध्ये व तिची विस्तृत आवृत्ती १५५७–५९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लॅटिनमध्ये आहे आणि तीत चुका पुष्कळ आहेत. तथापि इंग्लंडातील लेखकांची कालानुक्रमे मांडणी करण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होय.

कँटरबरीचा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर (१५०४–७५) ह्याने हस्तलिखिते जमविली ती धार्मिक वादासाठी. इंग्लंडच्या चर्चची मते नवी नसून रोमच्या वर्चस्वापूर्वीपासून येथे प्रचलित होती, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी जॉन डे ह्या मुद्रकाकडून प्राचीन इंग्रजीचे खिळे पाडून घेण्यात आले आणि सु. १५६६ मध्ये एल्फ्रिकचे ईस्टरविषयक प्रवचन छापण्यात आले. प्राचीन इंग्रजी मुद्रित स्वरूपात प्रथम अवतरली ती अशी, एका वादातील पुरावा म्हणून. पार्करचा संग्रह केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती महाविद्यालयात सुरक्षित आहे.

ह्याहून मोठा संग्रह सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) ह्याचा. त्याच्या ग्रंथालयातील प्रत्येक कपाटावर रोमन सम्राटाचा वा सम्राज्ञीचा अर्धपुतळा होता आणि हस्तलिखितांचे क्रमांक त्या नावांवरून पडले. ते क्रमांक अद्यापही रूढ आहेत. बेओवुल्फ ह्या प्राचीन इंग्रजी महाकाव्याची एकमेव प्रत व्हिटेलिअस सम्राटाच्या कपाटात होती. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी संग्रह ठेवलेल्या ॲशबर्नम हाउस ह्या वास्तूस आग लागली. बेओवुल्फची प्रत बचावली; परंतु तिच्या पानांच्या कडा करपल्या आणि पुढे त्या तुटून पडू लागल्या.

त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, तरी एकाही इंग्रज अभ्यासकाने ह्या काव्याची नक्कल करून घेतली नाही. ते काम थोर्कलिन ह्या आइसलँडमध्ये जन्मलेल्या डॅनिश दप्तरतज्ञाने केले. डेन्मार्कच्या इतिहासाची साधने शोधण्यासाठी तो १७८६ मध्ये लंडनला आला आणि त्याने काव्याच्या दोन नकला सिद्ध केल्या. एक लेखनिकाकडून करून घेतली, दुसरी स्वतः केली. १८०७ मध्ये ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेव्हा थोर्कलिनचे घर व त्यातील संपादित संहिता भस्मसात झाली. नकला वाचल्या. त्यांच्या आधारे त्याने पुन्हा काम करून १८१५ मध्ये पहिली मुद्रित आवृत्ती काढली. तिच्या शीर्षकात हे काव्य डॅनिश असल्याचे त्याने नमूद केले आणि त्याचे भाषांतर दोषांनी भरलेले आहे. तरीही मूळ प्रतीच्या झडून गेलेल्या कडांवरील कित्येक अक्षरे केवळ त्याच्या नकलांमुळे आज वाचता येतात. इंग्रजीतील सर्वांत प्राचीन महाकाव्याची संहिता निश्चित करताना प्रत्येक संपादकाला ह्या परकीयाचा आधार घ्यावा लागतो. इंग्लंडातील पहिली आवृत्ती जॉन मिचेल केंबल ह्याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याची तयारीही जर्मन भाषाशास्त्राच्या अभ्यासावर झालेली होती.

व्याकरणे : विल्यम बुलोकर ह्याचे १५८६ मधील छोटेखानी व्याकरण हे इंग्रजीचे पहिले व्याकरण मानतात. लॅटिनप्रमाणे इंग्रजीलाही नियम आहेत, हे दाखविणे हा त्याचा उद्देश असल्याने लॅटिन व्याकरणाचा साचा त्याने जसाच्या तसा घेतला. गणितज्ञ जॉन वॉलिसचे १६५३ मधील व्याकरण अधिक स्वतंत्र बुद्धीचे आहे, मात्र ते लॅटिनमध्ये लिहिलेले आहे. अठराव्या शतकात बिशप रॉबर्ट लाउथ (१७६२) आणि लिंड्ली मरी (१७९५) ह्यांची व्याकरणे सर्वत्र पसरली. शेक्सपिअर, मिल्टन ह्यांसारख्यांच्या लेखनातील ‘चुका’ तळटीपांत दाखविण्याची लाउथची पद्धत होती. मोठ्या लेखकांच्या प्रयोगांवरून नियम ठरवावयाचे, की नियमांवरून लेखकांस दोष द्यावयाचा, हा वाद तेथून पुढे शाळाशाळांत चालत राहिला.

ह्या ओघात एलिझाबेथ एल्स्टब (१६८३–१७५६) हिचे नाव सहसा निसटते. प्राचीन इंग्रजीची व्याकरणे तोवर लॅटिनमध्ये होती आणि स्त्रियांना लॅटिन शिकविले जात नसे. एल्स्टबने १७१५ मध्ये प्राचीन इंग्रजीचे व्याकरण प्रचलित इंग्रजीत लिहिले. स्त्रियांना आपल्या पूर्वजांची भाषा वाचता यावी, हा तिचा स्पष्ट हेतू होता. त्याच वर्षी तिचा सहाध्यायी बंधू वारला. कर्जबाजारी झाल्याने तिला अभ्यास सोडावा लागला आणि पुढे कित्येक वर्षे तिने ईव्हशम येथे लहान मुलांची शाळा चालवून उदरनिर्वाह केला. तिचे उरलेले संकल्पित काम कोणीही हाती घेतले नाही.

जॉन्सनचा कोश : पहिला इंग्रजी–इंग्रजी कोश रॉबर्ट कॉड्री ह्या शाळामास्तराने १६०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सु. २,५०० कठीण शब्द होते आणि त्याची एकच मूळ प्रत आज उपलब्ध आहे. १७२१ मध्ये नेथॅन्येल बेलीने कठीण शब्दांबरोबर नेहमीचेही शब्द दिले. फ्रेंच अकादमीचा कोश १६९४ मध्ये निघाल्यापासून इंग्लंडातही अशी अकादमी असावी, ही मागणी जोर धरू लागली होती. जॉनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये भाषा शुद्ध करून कायमची स्थिर करण्याची योजना सुचविली. अकादमी निघाली नाही. तिचे काम लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन १७४६ मध्ये सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) ह्याच्याकडे सोपविले आणि त्यासाठी १,५०० गिनी देऊ केल्या. त्या रकमेतूनच लेखनिकांचा पगार भागवावयाचा होता. सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. स्कॉटिश लोकांची एरवी थट्टा करणाऱ्या जॉन्सनच्या कोशाचे कष्टाचे काम त्यांनी केले, हे गमतीचे आहे.

तीन वर्षांत पूर्ण करावयाचा कोश १७५५ मध्ये बाहेर पडला. त्यात ४२,७७३ शब्द आणि सु. १,१४,००० अवतरणे आहेत. पुस्तके वाचत जाऊन जॉन्सन उपयुक्त वाक्यांखाली रेघ मारी आणि लेखनिक ती कागदावर उतरवून घेत. शब्दाचा अर्थ व्याख्येने सांगून न थांबता तो चांगल्या लेखकांच्या वाक्यांतून दाखवावयाचा, ही ह्या कोशाची खरी देणगी होय. मात्र ‘चांगले लेखक’ कोण, हे जॉन्सननेच ठरविले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे लेखक त्याने प्रामुख्याने घेतले; ज्यांची मते त्याला घातक वाटत, त्यांना वगळले. १७४७ मधील योजनापत्रकात भाषा स्थिर करण्याची आशा त्याने बोलून दाखविली होती. आठ वर्षांनंतरच्या प्रस्तावनेत तीच आशा त्याने मोकळेपणाने मागे घेतली आणि शब्दांना बदलण्यापासून रोखणे कोणत्याही कोशकाराच्या हाती नाही, असे मान्य केले. कोशाच्या शब्दार्थांतील विनोद सर्वत्र सांगितले जातात, परंतु जॉन्सनची ही कबुली त्याहून मोलाची आहे. स्वतःच्या कामानेच स्वतःचे मत खोटे ठरल्याचे असे जाहीरपणे सांगणारे विद्वान थोडे.

महाराष्ट्रात जॉन्सनचा प्रभाव एकोणिसाव्या शतकात विशेष जाणवतो. त्याच्या रासेलस ह्या कादंबरीचे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले भाषांतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी (१८५०–८२) पूर्ण केले; तसेच विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत (१८७४–८१) जॉन्सनचे विस्तृत चरित्र लिहिले.

वाङ्मयेतिहासाचा आरंभ : इंग्रजी काव्याचा इतिहास लिहिण्याचा विचार पोपने व पुढे टॉमस ग्रेने केला होता. ग्रेने आपला आराखडा १७७० मध्ये टॉमस वॉर्टन (१७२८–९०) ह्याच्या स्वाधीन केला. वॉर्टनचे तीन खंड १७७४, १७७८ आणि १७८१ मध्ये निघाले. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या उंबरठ्यावर ते थांबले व पुढचा भाग कधीच पुरा झाला नाही. वॉर्टनला हस्तलिखिते वाचण्याचा अपार नाद होता आणि मांडणीची शिस्त मुळीच नव्हती. जोसेफ रिटसनने १७८२ मध्ये त्याच्या चुकांची कठोर झडती घेतली. तरीही मध्ययुग हे केवळ रानटी अंधाराचे युग नसून कवितेचा एक समृद्ध प्रदेश आहे, ही जाणीव वॉर्टनमुळेच पसरली. त्यापूर्वी १७६५ मध्ये टॉमस पर्सीने जुन्या पोवाड्यांसारख्या कथागीतांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. त्याचे मूळ हस्तलिखित एका मित्राच्या घरी मोलकरणी शेगडी पेटविण्यासाठी फाडत असताना पर्सीच्या दृष्टीस पडले होते.

वॉर्टनचा तिसरा खंड निघाला त्याच वर्षी जॉन्सनची कविचरित्रे (१७७९–८१) पूर्ण झाली. टीकात्मक चरित्रलेखनाचा हा उत्कृष्ट नमुना आहे. परंतु त्यातील ५२ कवींची यादी मुख्यतः पुस्तकविक्रेत्यांनी ठरविलेली होती. सतराव्या शतकातील काउलीपासून ती सुरू होते. चॉसर, स्पेन्सर व शेक्सपिअर तीत नाहीत आणि एकही कवयित्री नाही. कोणती पुस्तके खपतील ह्या हिशेबातून निघालेली यादी पुढच्या पिढ्यांनी बराच काळ वाङ्मयीन निर्णय म्हणून स्वीकारली.

भारतातून आलेली चालना : सर विल्यम जोन्स ह्याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एका समान मूळापासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. त्यावर उभारलेले तौलनिक भाषाशास्त्र डेन्मार्कमध्ये रास्क आणि जर्मनीत बॉप व याकोप ग्रिम ह्यांनी वाढविले. ग्रिमचा ध्वनिपरिवर्तनाचा नियम १८२२ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर इंग्रजीतील ध्वनींचा इतिहास प्रथमच शास्त्रशुद्ध रीतीने सांगता येऊ लागला.

विषय म्हणून इंग्रजी साहित्याचे अध्यापनही भारतात लवकर स्थिरावले. १८१३ च्या सनदी कायद्यानंतर कंपनी सरकारने शिक्षणासाठी खर्च करू लागावे असे ठरले. परंतु सरकारी शाळांत बायबल शिकविणे राजकीय दृष्ट्या धोक्याचे वाटत होते. नीतिशिक्षणाचे ते काम मिल्टन, ॲडिसन व शेक्सपिअर ह्यांच्याकडे सोपविण्यात आले, असे गौरी विश्वनाथन ह्यांनी मास्क्स ऑफ काँक्वेस्ट (१९८९) ह्या ग्रंथात साधार मांडले आहे. कलकत्त्यात डी. एल्. रिचर्ड्‌सन ह्यांचा ब्रिटिश कवींच्या वेच्यांचा संग्रह १८४० मध्ये निघाला. १८५३ च्या कायद्याने सनदी नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले आणि त्या परीक्षेत इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास ह्यांना ग्रीक किंवा लॅटिनपेक्षा अधिक गुण ठेवण्यात आले. इंग्लंडातील शाळांनाही त्यामुळे इंग्रजीकडे लक्ष देणे भाग पडले.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हापासून इंग्रजी हा तेथे आवश्यक विषय होता. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवीपरीक्षा १८९४ मध्ये आणि केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये सुरू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी महाविद्यालयात १८२८ पासून इंग्रजीचे प्राध्यापकपद होते आणि एडिंबर्ग येथे ह्यू ब्लेअर १७६२ पासून साहित्यविचारावर व्याख्याने देत होता, हे खरे. पण इंग्लंडच्या दोन्ही जुन्या विद्यापीठांनी ह्या विषयाला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले. भारतीय विद्यार्थ्यांसाठी शेक्सपिअर, बेकन, टेनिसन आदींच्या सटीप आवृत्त्या आग्रा, कलकत्ता, पुणे व मुंबई येथील प्राध्यापकांनी तयार केल्या. के. डायटन व डेक्कन महाविद्यालयातील एफ्. जी. सेल्बी ही त्यांतील सुपरिचित नावे. कवी वर्ड्‌स्वर्थचा त्याच नावाचा नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा प्राचार्य होता. ऑक्सफर्डमधील इंग्रजी अभ्यासाला नवे वळण देणारा वॉल्टर रॅली १८८५ ते १८८७ ह्या काळात अलीगढ येथे अध्यापन करीत होता.

ह्या हकिगतीची दुसरी बाजूही नोंदविणे अवश्य आहे. ज्या मुंबई विद्यापीठात ऑक्सफर्डच्याही आधी इंग्रजी साहित्य परीक्षेला होते, तेथेच मराठीसह देशी भाषा १८६० नंतरच्या दशकात उच्च परीक्षांतून वगळण्यात आल्या. न्या. महादेव गोविंद रानडे ह्यांनी दीर्घकाळ केलेल्या प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी एम्. ए. च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. मातृभाषेत उच्च अध्ययनाला पुरेसे साहित्य नाही, हे त्यासाठी दिले गेलेले कारण इंग्लंडातील अभिजात भाषांच्या पंडितांनी इंग्रजीविरुद्ध दिलेल्या कारणाहून फारसे वेगळे नव्हते.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोश : लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे १८५७ मध्ये रिचर्ड ट्रेंच ह्याने प्रचलित कोशांतील उणिवांवर दोन व्याख्याने दिली. कोशकाराने चांगल्यावाईटाचा निवाडा करू नये, तो भाषेचा इतिहासकार आहे, हे त्यांचे सूत्र होते. प्रत्येक शब्द प्रथम केव्हा आढळतो, त्याचे अर्थ कोणत्या क्रमाने बदलले, हे अवतरणांनिशी दाखविणारा नवा कोश करण्याचे सोसायटीने ठरविले. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. दुसरा संपादक फ्रेडरिक फर्निव्हल (१८२५–१९१०) हा उत्साही, भांडखोर आणि अव्यवस्थित गृहस्थ होता. जुने ग्रंथ छापलेच गेले नाहीत तर त्यांतील शब्द वेचणार कसे, हे ओळखून त्याने १८६४ मध्ये ‘अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी’ व १८६८ मध्ये ‘चॉसर सोसायटी’ स्थापन केली. मध्ययुगीन इंग्रजी वाङ्मयाचा फार मोठा भाग ह्यामुळे प्रथमच मुद्रित झाला. कोशाचे कागद मात्र त्याच्या हाताखाली अस्ताव्यस्त झाले.

१८७९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार होऊन जेम्स मरी (१८३७–१९१५) ह्याच्याकडे संपादन आले. स्कॉटलंडमधील एका शिंप्याच्या ह्या मुलाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. पुढे अनेक भाषा तो स्वप्रयत्नाने शिकला आणि करार झाला तेव्हा मिल हिल येथील शाळेत शिक्षक होता. फर्निव्हलकडून आलेल्या पोत्यांत सु. दोन टन वजनाच्या चिठ्ठ्या होत्या. एका पोत्यात पिलांसह उंदरीही निघाली. काही अक्षरांचे कागद आयर्लंड व इटली येथून शोधून आणावे लागले. शाळेच्या आवारात मरीने पत्र्याचे घर उभारले, त्याला ‘स्क्रिप्टोरियम’ असे नाव दिले आणि भिंतींवर चिठ्ठ्यांसाठी खण करून घेतले. जनतेला केलेल्या आवाहनास शेकडो वाचकांनी प्रतिसाद दिला. प्रत्येकाने पुस्तक वाचून शब्द, वाक्य, ग्रंथ, पृष्ठ व वर्ष एका लहान कागदावर लिहून पाठवावयाचे, अशी रीत होती. मरीची अकरा मुले खाऊच्या पैशांसाठी त्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावीत.

ह्या स्वयंसेवकांत फिट्‌सएडवर्ड हॉल (१८२५–१९०१) ह्याचे चरित्र भारतीय वाचकास विशेष वाटेल. हा अमेरिकन १८४६ मध्ये जहाज फुटल्यामुळे बंगालमध्ये अडकला, तेथे संस्कृत शिकला, पुढे काशीच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृत व इंग्रजी शिकवू लागला आणि त्याने सांख्यदर्शनावरील ग्रंथांसह अनेक संस्कृत संहिता संपादित केल्या. इंग्लंडात परतल्यावर विद्वानांशी झालेल्या भांडणामुळे तो एका खेड्यात एकांतात राहू लागला. तेथून सु. वीस वर्षे तो रोज कित्येक तास कोशाची मुद्रिते तपासत राहिला. त्याची व मरीची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही.

दहा वर्षांत चार खंड हा मूळ अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, तेव्हा पहिले अक्षरही पुरे झाले नव्हते. खर्चाने त्रासलेले प्रकाशक अवतरणे कमी करण्याचा आग्रह धरीत आणि मरी तो मानीत नसे. १९१५ मध्ये तो मरण पावला तेव्हा कोश ‘टी’ ह्या अक्षरापर्यंत आला होता. हेन्री ब्रॅड्‌ली, विल्यम क्रेगी व सी. टी. अनियन्स ह्या सहसंपादकांनी काम पुढे चालविले आणि १९२८ मध्ये शेवटचा भाग प्रसिद्ध झाला. एकूण ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे! ‘बाँडमेड’ हा शब्द मात्र त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्यामुळे मूळ कोशात राहून गेला. तो १९३३ च्या पुरवणीत घालण्यात आला.

हा कोश पूर्णतः तटस्थ आहे, असे मात्र म्हणता येत नाही. स्वयंसेवकांनी वाचली ती मुख्यतः त्यांच्या घरी व ग्रंथालयांत असलेली पुस्तके. त्यामुळे शेक्सपिअर, स्कॉट, मिल्टन ह्यांची अवतरणे विपुल. कामगारांचे बोलणे, स्त्रियांची पत्रे, वसाहतींतील इंग्रजी ह्यांची विरळ. वसाहतींपैकी भारताची उणीव काहीशी भरून काढणारा यूल व बर्नेल ह्यांचा हॉब्सन-जॉब्सन हा कोश १८८६ मध्ये स्वतंत्रपणे निघाला आणि मरीला त्याचा उपयोग झाला. शब्दांच्या सामाजिक अर्थांकडे ह्या कोशाचे झालेले दुर्लक्ष रेमंड विल्यम्सने कीवर्ड्‌स (१९७६) मध्ये निदर्शनास आणले, पण त्यासाठी लागणारी सामग्री त्याने ह्याच कोशातून घेतली.

विद्यापीठांतील इतिहासग्रंथ : फ्रेंच समीक्षक तेन ह्याचा इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास (१८६३–६४) वंश, परिस्थिती व काल ह्या तीन तत्त्वांवर रचलेला आहे. त्याची तत्त्वे आज टिकण्यासारखी नाहीत, परंतु संपूर्ण इंग्रजी साहित्याकडे एका दृष्टीने पाहणारा पहिला ग्रंथ परकीयाने लिहावा, हे पूर्वीच्या अनुभवाशी जुळणारे आहे. इतिहासाच्या क्षेत्रात जे. आर्. ग्रीनच्या इंग्रज लोकांच्या संक्षिप्त इतिहासाने (१८७४) लढायांची पाने कमी करून चॉसर व शेक्सपिअर ह्यांना जागा दिली. ऑक्सफर्डने १८८५ मध्ये इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापकपद निर्माण केले, पण त्यावर ए. एस्. नेपिअर हा भाषाशास्त्रज्ञ नेमला. त्याने चिडलेल्या चर्टन कॉलिन्सने पुढच्याच वर्षी एडमंड गॉसच्या एका पुस्तकातील ढोबळ चुकांचे वाभाडे काढून, साहित्याचे शिस्तबद्ध शिक्षण नसल्याचा हा परिणाम असल्याचे सांगितले. भाषा की साहित्य, हा वाद तेथपासून अभ्यासक्रमांत मुरलेला आहे.

केंब्रिज इंग्रजी साहित्येतिहास (१४ खंड, १९०७–१६) हा अनेक तज्ञांनी मिळून लिहिलेला पहिला मोठा ग्रंथ. त्यात ज्ञानाची खाण आहे, मात्र एकसंध दृष्टी नाही. सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती भारतातही सेंट्सबरी (१८९८) आणि फ्रेंच लेखक लेग्वी व काझाम्यां (१९२४) ह्यांचे इतिहास राहिले. भाषेच्या बाजूस डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) ह्याचे इंग्रजीच्या वाढीवरील छोटे पुस्तक (१९०५) व सात खंडांचे व्याकरण (१९०९–४९), तसेच अमेरिकन ए. सी. बॉ ह्याचा इतिहास (१९३५) हे प्रमाणभूत ठरले. रँडॉल्फ क्वर्क व सहकारी ह्यांचे बृहद्‌व्याकरण (१९८५) बोली व लेखी नमुन्यांच्या संग्रहावर आधारलेले असून लाउथच्या परंपरेशी त्याने पूर्ण फारकत घेतली. वगळलेल्या लेखिकांचा शोध एलेन शोवॉल्टर (१९७७), तसेच सँड्रा गिल्बर्ट व सुझन ग्यूबार (१९८५) ह्यांनी नेटाने घेतला. भारतीयांच्या इंग्रजी लेखनाचा विस्तृत इतिहास के. आर्. श्रीनिवास अय्यंगार ह्यांनी १९६२ मध्ये लिहिला. ग्लासगो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झालेला इंग्रजीचा ऐतिहासिक पर्यायकोश ४४ वर्षांनी, २००९ मध्ये पूर्ण झाला.

ऑक्सफर्ड कोशाची चार खंडांची नवी पुरवणी (१९७२–८६) न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट बर्चफील्डने संपादित केली. वसाहतींतील इंग्रजीला तीत प्रथमच पुरेसा अवकाश मिळाला. वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. मूळ मजकुराच्या पहिल्या समग्र फेरतपासणीचे निष्कर्ष २००० पासून संगणकावर प्रसिद्ध होऊ लागले. त्या वेळी प्रारंभ पहिल्या अक्षरापासून न करता ‘एम्’ ह्या अक्षरापासून करण्यात आला. कारण मरीने सुरुवातीची अक्षरे केली तेव्हा कामाची पद्धतच घडत होती आणि मधल्या भागापर्यंत ती स्थिर झाली होती.